आहेर नको, अगत्य हवें

लग्नपत्रिकेच्या तळाशीं ‘कृपया आहेर आणूं नये’ ही ओळ छापण्याची रीत महाराष्ट्रांत चांगलीच रुळलेली आहे. आतां तीच ओळ लहान मुलांच्या वाढदिवसाच्या निमंत्रणांतहि दिसूं लागली आहे. पवनेच्या कांठच्या सांगवीसारख्या वस्तींत, जेथें नोकरीधंद्याच्या निमित्तानें निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबें एकाच इमारतींत नांदतात, तेथें या ओळीचा अर्थ जो तो आपापल्या परीनें लावतो. कोणी ती अक्षरशः पाळतो, तर कोणी ती केवळ शिष्टाचाराची भाषा समजून भलें मोठें खोकें घेऊन येतो.

अशा वेळीं काय घडतें? रिकाम्या हातानें आलेलें मूल खोक्यांच्या राशीकडे पाहून आईच्या आड दडतें. यजमानांच्या शब्दावर ज्यानें विश्वास ठेवला, तोच ओशाळतो! ओळ मोडणाऱ्या पाहुण्याला आपण औदार्य केलें असें वाटतें. प्रत्यक्षांत त्यानें दुसऱ्याला उणें केलेलें असतें. पुढील वर्षीं तें मूल येतच नाहीं. महिनाअखेरीस ज्या घरीं पैशांची ओढाताण असते, तेथून ‘त्याला बरें नाहीं’ एवढाच निरोप येतो. खरी हानि ती हीच.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत देणें, स्वीकारणें आणि परतफेड करणें हीं तिन्ही बंधनें एकमेकांत कशीं गुंतलेलीं असतात, तें दाखविलें आहे. निघतांना प्रत्येक मुलाच्या हातीं दिली जाणारी ‘रिटर्न गिफ्ट’ हा त्याच सांखळीचा दुवा होय. आहेर नको असेल, तर तीहि नसावी.

यजमानांनींहि कांहीं पथ्यें पाळावींत. विनंति निमंत्रणाबरोबरच आणि सर्वांना सारख्याच शब्दांत कळवावी; ‘शक्यतों’ हा शब्द तींत नसावा. ज्याचा वाढदिवस, त्या मुलाला आधीं विचारावें. कारण खेळण्यांचा त्याग त्यालाच करावयाचा असतो. तरीहि कोणीं कांहीं आणलेंच, तर तें परत करून त्याचा अपमान करूं नये. मुकाट्यानें आंत नेऊन ठेवावें, चारचौघांत उघडूं नये. आजी-आजोबांनीं आपली भेट सकाळच्या औक्षणाच्या वेळीं घरच्या घरींच द्यावी.

संध्याकाळीं निमंत्रितांपैकीं एकहि सवंगडी आहेराच्या धास्तीनें घरीं राहिला नाहीं, म्हणजे त्या ओळीचें सार्थक झालें.