बुखारीचे धुराडे

आपल्याकडे, म्हणजे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, घरातील विस्तव हा स्वयंपाकघराचा मानकरी. चूल, तिचा वैल, शेगडी आणि फार तर परसातला पाण्याचा बंब, एवढ्यात अग्निदेवतेचा प्रपंच आटोपतो. थंडी अधिक पडली तर घोंगडी पांघरावी, अंगणात शेकोटी करावी; परंतु निजावयाच्या खोलीत विस्तव ठेवण्याची कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली नाही. त्यामुळे २०१६ च्या ऑक्टोबरात नोकरीच्या ओघात मी सिमल्यास राहावयास गेलो, तेव्हा घर उबदार कसे ठेवावे या विषयात माझी पाटी कोरी होती. विजेचा एक हीटर विकत घेतला आणि मी निश्चिंत झालो.

२०१७ च्या जानेवारीत, पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, सिमल्यात मोठी बर्फवृष्टी झाली. झाडे मोडून तारांवर पडली आणि शहराच्या पुष्कळ भागांत काही दिवस वीज नव्हती. हीटर कोपऱ्यात शोभेपुरता उरला. शेजारच्या गृहस्थांनी कोळशाची फुललेली अंगीठी आणून दिली. तिला धूर नव्हता. खिडक्यांच्या फटी वर्तमानपत्राचे कागद कोंबून मीच बुजवल्या होत्या. अंगीठी आईच्या खाटेशी ठेवून आम्ही पांघरुणात शिरलो. तासाभराने आईला मळमळू लागले, डोके ठणकू लागले. उठावयास गेली तो भिंत धरून खालीच बसली. माझेही कपाळ जड झाले होते, आणि तो थंडीचा परिणाम आहे असे मी तिला समजावून सांगत होतो. तीच म्हणाली, "अरे, शास्त्र राहू दे, आधी दार उघड."

दार उघडले, अंगीठी बाहेर बर्फात नेऊन ठेवली, आईला मोकळ्या हवेत बसवले आणि आम्ही वाचलो. वाचलो हा शब्द मी विचारपूर्वक योजीत आहे. बंद खोलीतील कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक बळाने चिकटतो. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात अशा अंगीठीपाशी निजलेली माणसे पुन्हा उठत नाहीत. धूर दिसत नाही म्हणून विस्तव निरुपद्रवी, हा समज त्यांना भोवतो.

पुढचा हिवाळा येण्यापूर्वी लाकडाची बुखारी बसवावयाची, असा निश्चय झाला. बुखारी म्हणजे लोखंडी पत्र्याची बंद भट्टी. पुढे लाकूड घालण्याचे दार, खाली राखेचा कप्पा, वर धूर नेणारी नळी. हिमाचलात हिलाच पुष्कळ ठिकाणी तंदूर म्हणतात, त्यामुळे रोट्यांची अपेक्षा करणारा पाहुणा प्रथम फसतो. बाजारात पाहू गेलो तर पातळ पत्र्याच्या स्वस्त बुखाऱ्या होत्या, जाड पत्र्याच्या होत्या, ओतीव बिडाच्या भारीही होत्या. पातळ पत्रा लवकर तापतो, तितक्याच लवकर निवतो आणि काही हिवाळ्यांत जळून त्याला भोके पडतात. बीड उशिरा तापते, पण विस्तव मंदावल्यावरही बराच वेळ ऊब देत राहते. मी सर्वांत मोठी बुखारी घेण्याच्या बेतात होतो. मोठी वस्तू म्हणजे अधिक सुख, हा आम्हा नोकरदारांचा हिशेब.

आईने मला थांबवले. तिचे बालपण वाड्यात गेलेले. ती म्हणाली, "बंबात ढलप्या ठासून भरल्या, की तो धुमसतो. त्याची सारी करामत मधल्या नळीत. नळी ओढत असली तरच तो पेटतो." चुलत्यांच्या बंबाची ही गोष्ट मी हसून ऐकली, पण पुढे वाचले त्यात तिच्या म्हणण्याबाहेरचे फारसे काही नव्हते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग तापल्यावर वायुरूप होतो. ज्वाला म्हणून आपण पाहतो ती या वायूचीच. भट्टी खोलीच्या मानाने फार मोठी असली, की उकाडा होऊ नये म्हणून माणूस हवेची झडप आवळून घेतो. मग तो वायू अर्धवट जळून धुराड्यात जातो आणि थंड नळीवर डांबरासारखा चिकट थर धरतो. हाच थर साचून पुढे पेट घेतो व घराला आग लावतो. लहान भट्टीत मोकळा, सणसणीत जाळ हवा. आमच्या बारा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीला मग जाड पत्र्याची मध्यम बुखारी घेतली.

ही ओढ मोठमोठ्यांनाही चकवते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात लोखंडी भट्टी योजली आणि तिचे पेटंट घेण्याचे नाकारले, हे औदार्य प्रसिद्ध आहे. परंतु तिच्यात धूर आधी खाली उतरून मग वर चढावा, अशी रचना होती. धुराडे थंड असले की धूर उतरावयास तयार नसे. पुढे इतरांनी ती वाट सरळ केली, तेव्हा कोठे तिचा संसार सुरळीत झाला.

बसवण्याच्या कामात मात्र आम्ही पुष्कळ चुका केल्या. धुराडे घराच्या आतूनच सरळ वर चढून छपरातून बाहेर पडावे, हे उत्तम. कारण आतली नळी गरम राहते आणि गरम नळीच चांगली ओढते. घरमालकांना छपराला भोक पाडणे पसंत नव्हते, आणि गळक्या छपराची त्यांची भीतीही खोटी नव्हती. तेव्हा खिडकीची एक काच काढून तेथे पत्रा बसवला व त्यातून नळी बाहेर काढली. मिस्त्रीने बाहेरचे टोक पागोळ्यांच्या खालीच सोडले. पहिल्या संध्याकाळी वारा उलटा फिरला आणि सगळा धूर खोलीत आला. मग बाहेर दुसरे कोपर लावून नळी उभी चढवली. धुराड्याचे टोक छपरातून निघते तेथून तीन फूट, आणि आसपास दहा फुटांत जो उंच भाग असेल त्याहून दोन फूट वर असावे, असा संकेत आहे. कोपरे जितकी कमी तितके बरे. आडवा तुकडा आखूड आणि बाहेरच्या बाजूस किंचित चढता हवा.

सांध्यांतही एक गोम आहे. धूर वर जातो, म्हणून खालच्या नळीचे तोंड वरच्या नळीत खुपसावे, असे सहज वाटते. मिस्त्रीने तसेच केले, आणि आठवड्याभरात सांध्यांतून काळा चिकट रस भिंतीवर ओघळला. वरच्या नळीचे अरुंद तोंड खालच्या नळीत गेले पाहिजे, म्हणजे तो रस आतल्या आत उतरून जळून जातो. सिमल्याच्या जुन्या घरांच्या भिंतींत लाकडी चौकटी असतात. एकेरी नळी अशा लाकडापासून दीड फूट तरी दूर हवी. भट्टीखाली आम्ही विटा रचून वर पत्रा घातला.

लाकडाविषयी थोडक्यात. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते विसाव्या हिश्शावर नव्हे, निदान पाचव्या हिश्शावर आल्याखेरीज जाळू नये. बान, म्हणजे तिकडचा ओक, आणि सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्या सावकाश, स्वच्छ जळतात. चीड आणि देवदार राळेमुळे भडकतात व काजळी फार धरतात. पेटवणापुरते ते ठीक. दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत: सुके लाकूड टणत्कार करते, ओले धप्प वाजते. जंगलाचा आणि शेजाऱ्याच्या नाकात जाणाऱ्या धुराचा विचार केला तर, जेथे वीज भरवशाची आहे तेथे बुखारी बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्हीही ती कडक थंडीत आणि वीज गेल्यावरच पेटवीत असू. एका खिडकीची वरची झडप बोटभर उघडी ठेवीत असू, आणि त्या विषारी वायूची सूचना देणारी, बॅटरीवर चालणारी छोटी घंटाही खोलीत लावली होती.

आईचा विश्वास मात्र घंटेपेक्षा कानांवर अधिक. दर पंधरा दिवसांनी, भट्टी थंड असताना, ती नळीवर बोटांच्या पेरांनी वाजवून पाही. आवाज बद्द आला की फर्मान सुटे, "धुराडे झाडा." चार हिवाळे असे गेले आणि माझी बदली झाली. बुखारी आम्ही घरमालकांना देऊन टाकली. सामानाची गाडी दाराशी उभी होती, तरी नळ्या उतरवून, अंगणात झाडून, पुन्हा बसवल्याखेरीज आई गाडीत बसली नाही.