रोही, एल्क आणि गोळीचं गणित

आवाज बसलाय थोडा, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला. आमचं घर लोहाऱ्याला, यवतमाळला लागून एमआयडीसीवालं लोहारा तेच, आणि शेत तिथून पुढे. बाबा म्हणाले, "रात्री रोह्यायनं अर्धा हरभरा साफ केला. तू अमेरिकेत त्या शिकारीले गेल्ता ना? मग सांग मले, कोनती बंदूक घ्या लागते?"

मी दोन मिनिटं गप्पच. कारण मला उत्तर माहीत होतं, पण ते अमेरिकेतलं उत्तर होतं.

झालं असं, की ऑनसाइटला डेन्व्हरला असताना टीममधला एक जण ऑक्टोबरमध्ये एल्कच्या शिकारीला निघाला आणि मलाही घेऊन गेला. मी रायफलला हात लावला नाही. माझ्याकडे ना परवाना, ना त्यांचं हंटर एज्युकेशनचं कार्ड. नारिंगी जॅकेट घालून दोन दिवस डोंगर चढलो, इतकंच. पण गाडीत तासन्‌तास एकच चर्चा: काडतूस कोणतं आणि गोळी कोणती. आपण फोन घेताना प्रोसेसरवर भांडतो ना, सेम.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. नर सहज तीनशे किलोचा. आपला रोही, म्हणजे नीलगाय, हरीण नाहीच, तो कुरंगांतला. पण मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो. म्हणजे हरभऱ्यात जे जनावर उभं असतं ते एल्कपेक्षा फार लहान नाही. आणि अंगानं जास्त चिवट, असं मी नाही, टेक्सासवाले म्हणतात. तिथे १९२०-३० च्या दशकांत किंग रँचवर आपल्याकडच्या नीलगाई नेऊन सोडल्या, आता त्या हजारोंनी आहेत. तिथले शिकारी रोह्यासाठी एल्कचीच काडतुसं वापरतात. कातडी जाड, खांदा भक्कम, जखम झाली तरी रक्त बाहेर फार सांडत नाही, त्यामुळे माग काढणं अवघड.

आता बेसिक. काडतूस म्हणजे अख्खं पॅकेज: पितळेची नळी, आत दारू, बुडाला टोपी, पुढे गोळी. लोक भांडतात काडतुसावर. काम करते गोळी.

तो मित्र थर्टी-ओ-सिक्स वापरायचा. १९०६ सालचं डिझाइन, एकशे वीस वर्षं होत आली, अजून प्रॉडक्शनमध्ये. (आपला कोड सहा महिने टिकत नाही.) त्यात १८० ग्रेनची गोळी, म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅम. नळीतून निघते सेकंदाला २७०० फुटांनी. अर्धा एम व्ही स्क्वेअर लावा, जवळपास ३९५० ज्यूल येतात. तीनशे यार्डांवर साधारण दोन-तृतीयांश उरतात. कोलोराडोचा नियम एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड, म्हणजे साडेतेराशे ज्यूलच्या आसपास मागतो. म्हणजे थर्टी-ओ-सिक्स आरामात पास. मग .३०० विनचेस्टर मॅग्नम कशाला? लांबच्या पल्ल्याला. पण ते खांद्याला जोरात लाथ मारतं. माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो आणि गोळी जनावराच्या पोटात जाते. मित्र म्हणायचा, पोटात लागलेल्या मॅग्नमपेक्षा फुप्फुसात लागलेलं लहान काडतूस बरं. मला पटलं.

आता गोळी. हा माझा आवडता भाग.

साधी शिकारी गोळी म्हणजे आत शिसं, वर तांब्याचं पातळ कवच, टोक उघडं. अंगात शिरली की टोक पसरतं, रुंद वाट करत जाते. हरणाला पुरे. पण जाड खांद्यावर जवळून, फुल स्पीडने आदळली तर कधी कधी वरच्यावर फुटते आणि आतपर्यंत पोचतच नाही. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाच्या माणसाला कॅनडात मूस मारताना हाच अनुभव आला. मग त्याने गोळीच्या मध्ये तांब्याची आडवी भिंत घातली: पुढचा भाग पसरो, मागचा भाग शाबूत राहून आत जात राहो. तीच पार्टिशन गोळी. पुढे शिसं कवचाला चिकटवलेल्या बाँडेड गोळ्या आल्या, अख्ख्या तांब्याच्या आल्या. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच, कारण उरलेल्या मांसातले शिशाचे कण खाऊन काँडोर गिधाडं मरत होती.

आणि मिलिटरीची, पूर्ण कवचाची गोळी? ती पसरत नाही, आरपार जाते. जनावर पळतं, आणि कुठेतरी झुडपात तासाभराने, दिवसाने मरतं. म्हणून तिकडे बऱ्याच राज्यांत ती शिकारीला चालत नाही. गंमत बघा, टोक पसरणारी गोळी 'दमदम' नावाने जगभर गाजली. हे दमदम आपल्या कोलकात्याजवळचं, १८९० च्या दशकात तिथल्या कारखान्यात इंग्रजांनी ती बनवली. १८९९ च्या हेग घोषणेत ती युद्धात माणसांवर वापरायला बंदी घातली. तीच कल्पना शिकारीत दयेची ठरते, कारण जनावर लवकर पडतं.

तर थोडक्यात, एल्क किंवा रोह्यासाठी आधी न फुटणारी पण पसरणारी गोळी, मग ती नीट फेकणारं काडतूस, मग तुमच्या खांद्याला झेपणारी रायफल. गोळी जायची कुठे, तर पुढच्या पायाच्या लगेच मागे. रोह्याचं काळीज-फुप्फुस जरा जास्तच पुढे आणि खाली असतं.

आता लोहाऱ्यात या.

पहिली गोष्ट, रोही मारणं आपल्याकडे गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वन खात्याची लेखी परवानगी लागते, कागद हातात असल्याशिवाय काही नाही. अमेरिकेत परवाना काढून शिकार हा छंद आहे. आपल्याकडे छंद म्हणून काहीच नाही, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

दुसरी गोष्ट, समजा परवानगी मिळाली. बंदूक कोणती? शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात पीक-रक्षणासाठी म्हणून नाव घेऊन लिहिलीय ती भरमार. नळीत दारू ठासायची, छर्रे टाकायचे, ती. किंवा बारा बोअर, तिचे मोठे छर्रेसुद्धा पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे भरवशाचे नाहीत. .३०३ सामान्य माणसाला बंद, ती प्रोहिबिटेड बोअर. म्हणून इंग्रजांच्या काळापासून .३१५ आली: २४४ ग्रेनची जड गोळी, वेग थर्टी-ओ-सिक्सपेक्षा बराच कमी, पण शंभर मीटरच्या आत रोह्याला पुरेशी. सरकारी कारखान्याची थर्टी-ओ-सिक्ससुद्धा आहे. पण रायफलचं लायसन काढून बघा एकदा.

म्हणजे परवानगी मिळते दोनशे किलोच्या जनावराची, आणि गावात असतात छर्रे.

मी सहावीत असताना आमच्या नाल्यात एक रोही सापडला होता. कुणीतरी भरमारनं मारलेला. मागच्या मांडीत आणि पोटात छर्रे. चार दिवस तो त्या नाल्यात होता. पहिल्या दिवशी उठायचा, दोन पावलं टाकून बसायचा. आम्ही पोरं बघायला जायचो. तिसऱ्या दिवशी आईने जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी वास यायला लागला. बाबांनी त्या वर्षी जागलीला जाताना सोबत फक्त टॉर्च आणि डबा घेतला, डबा म्हणजे बडवायचा पत्र्याचा. तेव्हा मला वाटलं आपले बाबा घाबरट आहेत.

कोलोराडोत दुसऱ्या दिवशी सकाळी एक नर समोर आला. मित्राने दुर्बिणीतून अंतर मोजलं, तीनशेच्या वर होतं. त्याने पाचेक मिनिटं रायफल धरली आणि मग खाली ठेवली. जनावर तिरकं उभं होतं, म्हणाला. हातात थर्टी-ओ-सिक्स, १८० ग्रेनची पार्टिशन, सगळं बरोबर, आणि तरी नाही. आम्ही रिकाम्या हाताने परत आलो.

बाबांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. दमदमपासून. ते ऐकत होते, मधे मधे "हं". शेवटी म्हणाले, "म्हंजे बंदूक नाही."

म्हटलं, "नाही बाबा. नुकसानीचा अर्ज टाका वन खात्यात, पंचनामा होऊ द्या. आणि झटका मशीन घेऊ."

"झटक्याची बॅटरी चोरीले जाते," ते म्हणाले.

हा मुद्दा खरा आहे. त्यावर सोलर पॅनेलसकट खांबावर उंच बसवायचा एक जुगाड मी आणि चुलतभाऊ मिळून करतोय. मेनलाइनचा करंट तारेत सोडू नका रे, दरवर्षी माणसं मरतात त्याने. झटका मशीन वेगळं, त्यात पल्स असते. पुढच्या एपिसोडमध्ये त्याचं सर्किट उघडून दाखवतो. तुमच्याकडे रोह्यावर काय चालतं ते व्हॉइस नोट करून पाठवा. चला, भेटू.