हिपॅटायटिस सी : उपचार घेणाऱ्या मधुमेहींसाठी चार शब्द

(मंडळाच्या आरोग्य-व्याख्यानमालेतील भाषण)



मी वैद्य नव्हे. फायलींत आयुष्य घालविलेला कला शाखेचा एक पदवीधर आहे. औषधाची मात्रा ठरविण्याचा अधिकार ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांचा. पण आपण ज्या पंजाबात पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालो, तेथे हिपॅटायटिस सी घरोघरी ठाऊक असलेला आजार आहे आणि मधुमेहाचे तर सांगावयासच नको. दोन्ही आजार एकाच देहात नांदू लागले म्हणजे काय होते, एवढेच मांडणार आहे.

हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्यापूर्वी त्याची ओळख 'अ नव्हे, ब नव्हे' अशी नकारार्थीच होती. याविषयीच्या संशोधनासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तावाटे शिरलेला हा पाहुणा वर्षानुवर्षे मुकाट्याने यकृत पोखरतो. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने कित्येक महिने सोसावी लागत, आणि तरीही गुण येईलच असे नसे. आता सोफोसबुव्हिर व डाक्लाटासव्हिर या गोळ्या बहुधा बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि शंभरांतील पंचाण्णवांच्या आसपास रुग्ण बरे होतात. पंजाब सरकारने २०१६ साली हा उपचार मोफत केला. २०१८ च्या जुलैत राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला.

आता मधुमेहाकडे वळू. यकृत हे शरीरातील साखरेचे कोठार. हा विषाणू तेथे ठाण मांडून बसला की इन्सुलिनचा हुकूम नीट पाळला जात नाही. म्हणूनच या रुग्णांत मधुमेह अधिक आढळतो. विषाणू हटला की तोच हुकूम पुन्हा चालू लागतो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील २,४३५ मधुमेही रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची साखर आधी चढी होती, त्यांपैकी विषाणुमुक्त झालेल्यांचे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचे मान, सरासरी ०.९८ ने उतरले; विषाणुमुक्त न झालेल्यांचे ०.६५ ने. सर्वांनाच हा लाभ सारखा होतो असे नाही.

ही वार्ता आनंदाची खरी. धोका आहे तोही तिच्यातच. कालपर्यंत बेताची असलेली इन्सुलिनची वा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीची मात्रा आज जास्त ठरते. मग दरदरून घाम, हातांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. झोपेत असे झाले तर घरच्यांना पत्ताही लागत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना ही भीती फार कमी. आपल्याकडे एकादशी-चतुर्थीच्या दिवशी पोट रिकामे आणि गोळी मात्र नेहमीची, हा प्रकार सर्रास चालतो. या बारा आठवड्यांत तो करू नये. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे.

माझ्या मते खरी अडचण कारभाराची आहे. एकाच माणसाच्या दोन फायली दोन टेबलांवर! यकृताचे डॉक्टर एक कागद लिहितात, मधुमेहाचे दुसरा, आणि एकाचे दुसऱ्याला ठाऊक नसते. तेव्हा पहिली गोळी घेण्यापूर्वीच दोन्ही कागद दोघांनाही दाखवावे, आणि साखर घरी वरचेवर तपासून वहीत लिहावी. मात्र साखर उतरली म्हणून मधुमेहाची औषधे परस्पर बंद करू नयेत. ज्यांना रिबाव्हिरिनही दिले जाते, त्यांनी एचबीए१सीच्या आकड्यावर विसंबू नये; त्या औषधाने रक्तातील तांबड्या पेशी लवकर फुटतात व आकडा खोटाच कमी दिसतो. तेथे बोटाच्या रक्ताची रोजची तपासणीच खरी.

आणि ती तपासणी करताना बोटाला टोचावयाची सुई प्रत्येकाची स्वतंत्र व प्रत्येक वेळी नवी असावी. शेजारी एकमेकांचे यंत्र सुईसकट मागून नेतात. हा विषाणू रक्तावाटेच पसरतो, आणि एकदा बरे झालेल्यासही तो पुन्हा जडू शकतो.