कापूस आपला, भाव गिरणीचा



1956च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांना पहिला मान दिला. कारखान्याला कच्चा माल स्वस्त हवा, म्हणून शेतमालाचे भाव पाडणे हेच धोरण झाले. 1972पासून एकाधिकार खरेदीने आपला कापूस राज्याबाहेर विकायला बंदी केली. मार्च 2012मध्ये अचानक निर्यातबंदी आली. ऑगस्ट 2025मध्ये, वेचणी तोंडावर असताना, आयातीवरचे 11 टक्के शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवले.

क्विंटलभर कापसात 34-35 किलो रुई, बाकी बहुतेक सरकी. पुढचे सूत, कापड, तेल, सगळी कमाई गावाबाहेर. बीडच्या शिवारात उरतात पऱ्हाट्या, आणि ऊसतोडीच्या गाड्या भरतात.

कारखान्यांना आपला विरोध नाही. त्यांचे भांडवल आपल्या घामातून काढण्याला आहे. आपली मागणी एकच : पेरणीला सांगाल ते धोरण वेचणी संपेपर्यंत पाळा!