उजेड मोजून आकार

इंदूर-इच्छापूर रस्त्यावरच्या ट्रकांचे दिवे मागे टाकून इच्छादेवीच्या टेकडीच्या आडोशाला गेलात, तर हिवाळ्यात आकाश चांगलं काळंभोर मिळतं. लघुग्रह पाहायचा तर बहुतेक वेळा दुर्बीण हवीच. पण मोठ्या दुर्बिणीतूनही तो बहुधा नुसता ठिपकाच दिसतो. मग तो वाटोळा की लांबुडका, हे ओळखायचं कसं?

त्याचा उजेड मोजून. वरवंटा उन्हात फिरवून पाहा. आडवा समोर आला की जास्त चकाकतो, टोक समोर आलं की मंदावतो. म्हणजे एका फेरीत दोनदा चढ, दोनदा उतार. ईरॉस नावाच्या लघुग्रहाचा असा चढउतार १९०१ मध्येच लक्षात आला होता. त्याची फेरी ५ तास १६ मिनिटांची, म्हणजे थंडीतल्या एका रात्रीत दोन फेऱ्या सहज बसतात. उजेड मोजायला फोटो काढायचे, त्यांत शेजारचे स्थिर तारेही घ्यायचे आणि त्यांच्याशी तुलना करायची. पातळ ढग आला तर सगळेच सारखे मंदावतात, तुलना बिघडत नाही.

पण हे फसवंही आहे. व्हेस्टा हा लघुग्रह बऱ्यापैकी गोल आहे. त्याचा उजेड बदलतो तो मुख्यतः पृष्ठभागावरच्या काळ्यापांढऱ्या भागांमुळे, आणि फेरीत चढ येतो एकच. त्यामुळे फेरी ५ तास २० मिनिटांची की त्याच्या दुप्पट, हा वाद बरीच वर्षं चालला. शिवाय लघुग्रहाचा ध्रुव आपल्याकडे असेल, तर तो कितीही लांबट असो, उजेड जवळजवळ हलत नाही. म्हणून वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या बाजूंनी मापं घ्यावी लागतात. ती जोडून आकार काढण्याचं गणित फिनलंडच्या मिक्को कासालाइनेन यांनी २००१ च्या सुमारास बसवलं. त्यातही खळगे सहसा बुजलेलेच दिसतात. ईरॉसवरचा मोठा खोलगट भाग स्पष्ट दिसला तो २००० साली यान जवळ गेल्यावर.

आपल्याकडून मोजायला मला आवडेल तो ‘एशिया’ हा लघुग्रह. १८६१ मध्ये मद्रासहून नॉर्मन पॉग्सन यांनी तो शोधला. तारे किती तेजस्वी, हे मोजायची आजची पट्टीही त्यांचीच. एशियाची फेरी जवळपास १६ तासांची. एका रात्रीत ती मावत नाही. इथे उजाडलं की पुढचं माप पश्चिमेकडच्या कुणी घ्यावं लागेल. म्हणून प्रत्येक फोटोची वेळ जागतिक वेळेत, सेकंदापर्यंत लिहून ठेवा.