सलाईनची बाटली आणि तांब्याभर पाणी



व्याख्यानमालेत साहित्य-इतिहासाची मेजवानी चालू असताना आम्ही सलाईनच्या बाटलीवर बोलायला उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण यवतमाळचा वसंत म्हणजे उन्हाळ्याचा उंबरठा. थोड्याच दिवसांत पारा ४४-४५ अंशांकडे धावेल, रानात तेंदूपत्त्याची तोडणी लागेल, विहिरी तळ गाठतील. हगवण-वांत्यांचे आणि उन्हाने गळालेले रोगी वाढतील आणि दवाखान्यातून एकच मागणी ऐकू येईल : "डॉक्टरसाहेब, एक बाटली लावून द्या!" या मागणीत गरज किती आणि समजूत किती, एवढेच आज पाहावयाचे आहे.

बाटलीत असते तरी काय? साध्या सलाईनमध्ये लिटरभर निर्जंतुक पाण्यात ९ ग्रॅम मीठ. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर. तिच्यातून शंभर कॅलरीदेखील मिळत नाहीत. ज्वारीची एक भाकरी याहून अधिक देते. रिंगर लॅक्टेट नावाच्या द्रावणात मिठाबरोबर पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट असते, म्हणून ते रक्तातील द्रवाला अधिक जवळचे. पण शक्तीचे औषध यांपैकी एकही नव्हे.

मग याच खाऱ्या पाण्याने मरणाच्या दारातला माणूस परत कसा येतो? पटकीच्या रोग्याच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते आणि त्याबरोबर क्षारही जातात. रक्ताचा साठा घटतो, नाडी लागेनाशी होते. १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लॅटा या डॉक्टराने अशाच एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. अर्ध्या तासात तीन लिटरांहून अधिक पाणी गेले. बाई बोलू लागली, आता थोडी झोप हवी, म्हणाली. लॅटा निर्धास्तपणे निघून गेला. इकडे जुलाब-वांत्या पुन्हा सुरू झाल्या, गेलेले पाणी कोणी भरून काढले नाही, आणि साडेपाच तासांत ती दगावली. लॅटा पुढे सावध झाला आणि त्याने काही रोगी वाचवले. आपल्यासाठी धडा एवढाच की, गुण बाटलीत नाही. जितके गेले तितके, आणि वेळेवर, परत देण्यात आहे.

हा धडा आपल्याच देशात आणखी पुढे गेला. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाच्या द्रावणाचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिण्यास दिले. पाजण्याचे काम नातेवाइकांनी केले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. साखर आतड्यात शोषली जाताना मिठाला सोबत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, हे यातले शास्त्र.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे दोन चुका जोडीने नांदतात. हातीपायी चालता, जेवता-पिता माणूस थकवा आला म्हणून मजुरीचे पैसे मोजून बाटली लावून घेतो. तासभर खाटेवर पडल्याने त्याला बरे वाटते, श्रेय मात्र बाटलीला जाते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर हेच जादा पाणी फुप्फुसात साचून जिवावर बेतू शकते. दुसरीकडे, हगवण लागलेल्या लेकराचे पाणी तोडले जाते. कारण काय, तर पाण्याने जुलाब वाढतात! बाटलीवर आंधळा विश्वास आणि तांब्यावर अविश्वास, अशी ही जोडी.

पहिल्या जुलाबापासून पाजणे सुरू करावे. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावी आणि ते पाणी चोवीस तासांत संपवावे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. अंगावरचे दूध आणि जेवण तोडू नये. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे.

परंतु मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पिता येईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसू लागली, तर मात्र बाटलीच हवी आणि तीही ताबडतोब. वर्षावरील दहा किलोच्या अशा मुलाला तीन तासांत लिटरभर रिंगर लॅक्टेट द्यावे लागते. त्यातले ३०० मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासात. हे काम घरगुती नव्हे. उन्हाने तापून बरळणाऱ्या माणसाला आधी सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. दोन्ही वेळी १०८ ला फोन करावा.

झरी जामणीकडच्या कोलाम पोडावरून यवतमाळचे शासकीय रुग्णालय लांब आहे. त्या वाटेवर मूल गिळू शकत असेल, तर आईच्या हातातली वाटी आणि चमचा हीच त्याची बाटली. थकलेल्यांनी बाटलीचा हट्ट सोडावा आणि तान्हेल्या लेकराचे पाणी कोणी तोडू नये, एवढे आपण येथून घरी नेले तरी हा उन्हाळा काही घरांना सुखाचा जाईल.