कुटुंबाचे दप्तर आणि आकस्मिक प्रसंग



सास्तूरच्या भूमीवर या विषयाचा विचार करावयाचा तर प्रारंभ ३० सप्टेंबर १९९३ या दिवसापासूनच करणे क्रमप्राप्त आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. श्रींचे विसर्जन करून गावे निद्राधीन झाली आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा परिसर काही क्षणांत उद्ध्वस्त झाला. सरकारी गणनेनुसार लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) या जिल्ह्यांत ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे यांनी माणसांचा घात केला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच भिंतींच्या कोनाड्यांत व पेट्यांत घराघराचे दप्तरही होते. खरेदीखते, ठेवीच्या पावत्या, विम्याची पत्रे, व्यापाऱ्यांच्या खतावण्या हे सारे ढिगाऱ्याखाली गेले आणि वर पाऊस कोसळला.

पुनर्वसनात कागदाचे मोल उघड झाले. नव्या गावांत घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या धारकास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर असणाऱ्यास ४००, त्याहून अधिक असणाऱ्यास ७५०. अशा वेळी सातबारा कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न केवळ तलाठ्याचा राहत नाही. आजोबा जाऊन वीस वर्षे लोटली तरी वारसनोंद झालेली नाही, भावांची वाटणी तोंडीच झालेली आहे, असे प्रकार खेडोपाडी आजही आढळतात. घरात सलोखा असेतोवर ते खपून जाते.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. काही कागद गेले तरी त्यांचे मूळ अन्यत्र शाबूत असते. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते, ठेवीची नोंद बँकेच्या खात्यात असते, विम्याची नोंद शाखेत असते. खर्च व हेलपाटे पडतात, पण मार्ग निघतो. मात्र हातउसने दिलेली रक्कम, कापडाची सुगीपर्यंतची उधारी, गहाण ठेवलेले दागिने यांना घरच्या वहीवाचून दुसरा साक्षीदार नसतो. उधारीस तर तीन वर्षांची मुदतही आड येते. मुदत सरण्यापूर्वी ऋणकोची सही घेतली तरच ती नव्याने सुरू होते. जुने सावकार निरक्षर असले तरी अंगठा घेण्यास विसरत नसत, हे त्यांचे शहाणपण मानावे लागेल.

आता नामनिर्देशन. पती पत्नीचे नाव लावतो, पत्नी पतीचे. एरवी हे योग्यच. पण दोघेही एकाच छपराखाली निजतात. सास्तूरच्या त्या पहाटेने जे शिकविले ते हेच. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार दोघांपैकी प्रथम कोण गेले हे सिद्ध होत नसेल, तर वयाने लहान व्यक्ती मागे उरली असे गृहीत धरले जाते. म्हणजे मालमत्तेचा ओघ कोणत्या घराकडे वळेल, हे केवळ जन्मतारखेवर ठरू शकते. ज्यास हे मान्य नसेल त्याने मृत्युपत्र करावे. त्यास दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. बँक ठेवींसाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात, हिस्से ठरवून अथवा एकामागून एक. त्यांतील एक नाव परगावच्या विश्वासू आप्ताचे असावे. नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे. सामान्यतः तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा असतो, ही गोष्ट त्या आप्तासही सांगून ठेवावी.

भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. अशा बालकांचा विचार मनात आणला म्हणजे, अज्ञान वारसाचे नाव विम्यास लावताना रक्कम स्वीकारणाऱ्या सज्ञान व्यक्तीचे नावही लिहावयाचे असते, हा रकाना कोणी कोरा ठेवणार नाही.

उरला दप्तराचा प्रश्न. एक साधी शंभर पानी वही पुरेशी आहे. बँक व शाखा, खाते क्रमांक, विमापत्रे, जमिनीचे गट क्रमांक, देणे व येणे, सल्ला घ्यावा अशा दोन व्यक्तींची नावे एवढे तीत असावे. देणे विशेष स्पष्ट लिहावे. येणे सांगणारे पुष्कळ भेटतात. गुप्त क्रमांक व परवलीचे शब्द या वहीत लिहू नयेत. घरातील स्त्रीस ही वही वाचून दाखवावी. अनेक व्यापारी घरांत आजही गृहिणीस दुकानाच्या बँकेचे नावही ठाऊक नसते, हे खेदजनक आहे. वहीची व महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत लेकीच्या सासरी किंवा परगावच्या भावाकडे, बंद पाकिटात, ठेवावी. दिवाळीच्या पाडव्यास नव्या चोपड्यांचे पूजन होते. त्याच दिवशी ते पाकीट बदलून घ्यावे, आणि जुनी प्रत परत आणून नष्ट करावी, म्हणजे दोन प्रतींत तफावत राहणार नाही.